सालेकसा : एका दिवसात दोन गड

सालेकसा तालुक्यातल्या कचारगडाला तटबंदी नाही, बुरूज नाही. डोंगराच्या पोटातली प्रचंड गुहा हाच इथला गड. गोंडी कथेनुसार काली कंकालीची ३३ मुलं या गुहेत कोंडली होती. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांची सुटका केली. वादक हिरासुका पाटालीरच्या वाद्याने मुलांना बळ आलं, गुहेच्या तोंडावरचा दगड हलला, पण हिरासुका स्वतः त्याखाली चिरडला गेला. आत उभं राहिलं की छताच्या भगदाडातून उतरणारा उजेड दिसतो आणि ही कथा आपसूक खरी वाटू लागते. माघ पौर्णिमेला पायथ्याच्या धनेगावात मोठी यात्रा भरते, अनेक राज्यांतून लोक येतात. एकांत हवा असेल तर ते दिवस टाळा. पण माणसं भेटायची असतील तर तेव्हाच या. पायथ्याशी चप्पल नव्हे, बूट घाला. वाट खडकाळ आहे.

वाटेत हाजरा धबधबा, गोंदिया-डोंगरगड रेल्वेमार्गावरच्या दरेकसा स्थानकाजवळ. पावसाळ्यातच खरा.

दुपारनंतर दुसरा गड, लांजी. महाराष्ट्राची सीमा ओलांडली की बालाघाट जिल्हा, मध्य प्रदेश. इथे मात्र खराखुरा दगडी किल्ला आहे, अंगावर झाडं वागवत उभा. अंधारापूर्वी परता.