सुट्टीची सहल, अपस्मार आणि संध्याकाळची गोळी

उन्हाळ्याची सुट्टी लागली की खोपोलीजवळच्या इमॅजिकासारख्या उद्यानांचे बेत घरोघरी ठरतात. घरात अपस्माराचे, म्हणजे फिट येण्याचे, निदान झालेले मूल असले तर मात्र आईवडील तो बेत मुकाट्याने रद्द करतात. बहुधा तशी गरज नसते. जगात सुमारे 5 कोटी लोकांना हा विकार आहे आणि त्यांतील बहुसंख्यांचे झटके नियमित औषधाने आटोक्यात राहू शकतात.

लोक सर्वाधिक भितात ते लखलखत्या दिव्यांना. 1997 साली जपानमध्ये दूरचित्रवाणीवरील एका व्यंगचित्रमालिकेतील झगमगाटाने शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. तथापि अपस्मार असलेल्यांपैकी सुमारे 3 टक्के व्यक्तींनाच प्रकाशाचा असा त्रास होतो. आपले मूल त्यांत आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. असल्यास असे खेळ टाळावेत. अचानक झगमगाट झालाच, तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून तोंड फिरवावे. डोळे नुसते मिटणे पुरत नाही; पापण्यांतूनही प्रकाश आत जातो.

खरा धोका साधा असतो: चुकलेली गोळी आणि अपुरी झोप. पहाटेची बस, दिवसभराचे ऊन, आणि परतीच्या वाटेवर झालेला सूर्यास्त. चौविहार पाळणाऱ्या घरांत संध्याकाळची गोळी नेमकी इथे हुकते. गोळीची वेळ आपल्या मनाने बदलू नये. सहलीपूर्वीच डॉक्टरांशी बोलून ती सूर्यास्ताआधी बसते का, ते पाहावे. न बसल्यास गुरुमहाराजांना विचारावे. पच्चक्खाणातच समाधी राखण्यासाठी औषधाचा आगार ठेवलेला असताना लहान मुलाच्या गोळीविषयी संकोच अनाठायी आहे.

पाण्याच्या खेळांत मात्र सवलत नको. पाण्यात आलेला झटका कोणाला ऐकू येत नाही. लाइफ जॅकेट हवेच, शिवाय पोहता येणारे मोठे माणूस हाताच्या अंतरावर हवे. पाळण्यांपाशी सूचनाफलक वाचावा आणि मनाई असल्यास वाद घालू नये. पट्ट्याने बांधलेल्या मुलाला मध्येच उतरवता येत नाही.

झटका आलाच, तर घड्याळ पाहावे, मुलाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे. हातपाय दाबून धरू नयेत, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये. कांदा आपल्या पिशवीत नसतोच, पण भोवतालची मंडळी हुंगवायला आणून देतात. त्याने काहीही साधत नाही. 5 मिनिटांत झटका थांबला नाही, तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा दिला असल्यास तो उद्यानाच्या लॉकरमध्ये नव्हे, सोबतच्या माणसाच्या खिशात असावा.