वळणावरील वेगाचा हिशेब

ज्या नगरातील झिरो माइलच्या स्तंभापाशी उभे राहून चारी दिशांच्या गावांची अंतरे वाचता येतात, त्या नागपुरापासून भारतात फॉर्म्युला वन शर्यत पाहिलेला एकमेव मार्ग, म्हणजे ग्रेटर नोएडा येथील बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, सुमारे हजार किलोमीटर दूर आहे. आणि तेथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे भरलेली इंडियन ग्रां प्री पुढे करविषयक तंट्यांत सापडून जी तहकूब झाली, ती पुन्हा भरलेली नाही. तथापि कोडमास्टर्स या व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीने त्याच तीन वर्षांच्या आपल्या फॉर्म्युला वन खेळांत हा मार्ग उतरवून ठेवल्यामुळे, वैशाखातील दुपारी रस्ते ओस पडलेले असताना कूलरसमोर बसलेला नागपूरच्या धरमपेठेतील एखादा विद्यार्थी आजही त्यावर फेऱ्या मारू शकतो. त्याची फेरी दोन सेकंदांनी कशी कमी व्हावी, हा प्रश्न मला गंभीर विचारास सर्वथा पात्र वाटतो. कारण त्याच्या उत्तरात निम्मे पदार्थविज्ञान आहे आणि निम्मा स्वतःच्या उतावीळ स्वभावाचा निग्रह आहे.

हर्मन टिल्के या जर्मन रचनाकाराने आखलेल्या या मार्गाची लांबी ५.१२५ किलोमीटर असून त्यावर सोळा वळणे आहेत. २०११ च्या शर्यतीत सेबास्टियन फेटेलने त्याची सर्वांत जलद फेरी १ मिनिट २७.२४९ सेकंदांत पुरी केली, म्हणजे वळणांसह सरासरी वेग ताशी २११ किलोमीटर पडला. आता यातील तिसरे वळण घ्यावे. ते चढावर आहे, अत्यंत मंद आहे, आणि ते संपताच एक किलोमीटरहून थोडा अधिक लांबीचा सरळ पट्टा सुरू होतो, ज्याच्या शेवटी चौथ्या वळणासाठी पुन्हा जोरदार ब्रेक लावावा लागतो. नवख्या खेळाडूची अशी समजूत असते की वेळ वाचवायची जागा ती शेवटचीच, म्हणजे जो सर्वांत उशिरा ब्रेक लावील तो जिंकेल. हिशेब मात्र निराळा फैसला देतो. ताशी ३०० किलोमीटरांवरून १०० वर येताना ब्रेकची जागा पाच मीटर पुढे सरकवली, तर फार तर सेकंदाचा आठवा हिस्सा पदरात पडतो. उलट तिसऱ्या वळणातून गाडी नीट बाहेर काढल्यामुळे पुढच्या पट्ट्यावरील सरासरी वेग २५० ऐवजी २५५ झाला, तर सुमारे तीन दशांश सेकंद वाचतात. शिवाय उशिरा ब्रेक लावण्याच्या हव्यासात गाडी वळणाबाहेर वाहवत गेली, म्हणजे तो आठवा हिस्सा तर जातोच आणि त्यापुढच्या पट्ट्यावरील वेगही बुडतो.

गाडी नीट बाहेर काढावयाची म्हणजे काय, याचा खुलासा भूमितीत आहे. वळणातील कमाल वेग त्रिज्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. त्रिज्या एकपंचमांशाने वाढवली की वेग सुमारे साडेनऊ टक्क्यांनी वाढवता येतो. यास्तव रस्त्याची सगळी रुंदी वापरून बाहेरच्या कडेने आत शिरावे, आतल्या कडेला स्पर्श करावा आणि पुन्हा बाहेरच्या कडेपर्यंत पसरावे. आतल्या कडेच्या त्या स्पर्शबिंदूला खेळाडू ‘अपेक्स’ म्हणतात. वळणापुढे लांब सरळ पट्टा असेल, तर हा अपेक्स भूमितीने सांगितलेल्या मध्यापेक्षा थोडा पुढे घ्यावा. आत शिरताना किंचित दिरंगाई होते, पण गाडीचे तोंड लवकर सरळ होते आणि थ्रॉटल लवकर पूर्ण उघडता येतो.

याच्या मुळाशी टायरची पकड आहे, आणि ती ठरावीक उत्पन्नाच्या तिजोरीसारखी आहे: ब्रेकसाठी जेवढी खर्च करावी तेवढी वळण्यासाठी उरत नाही. पूर्ण ब्रेक दाबलेला असतानाच स्टिअरिंग पुरते फिरवणाऱ्याची गाडी वळत नाही, सरळ घसरत जाते, आणि तो स्टिअरिंग आणखी फिरवून पुढच्या टायरांवरील भार वाढवतो. कुशल चालक स्टिअरिंग जसजसे फिरवतो तसतसा ब्रेकवरचा पाय हळूहळू उचलत जातो. त्यायोगे गाडीचे वजन पुढच्या चाकांवर राहते, त्यांची पकड टिकते आणि नाक आत वळते. माझ्या मते या एका क्रियेवर जितके तास घालवावेत तितके थोडेच.

अभ्यासाचा शिरस्ता असा असावा की आधी एकसारख्या फेऱ्या साधाव्यात. फेऱ्यांत दोन-दोन सेकंदांची तफावत असताना कोणत्या बदलाने लाभ झाला हे कळण्यास मार्गच नसतो. नंतर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. अनेक खेळांत स्वतःचीच सर्वोत्तम फेरी पारदर्शक गाडीच्या रूपाने पुढे धावताना दिसते. तिच्यावर डोळे खिळवू नयेत, दृष्टी पुढच्या अपेक्सवरच ठेवावी; परंतु ती कोणत्या वळणानंतर दूर जाते हे लक्षात घ्यावे, कारण तोटा बहुधा त्याच वळणाच्या प्रवेशात झालेला असतो.

महागडे स्टिअरिंग घेण्याची प्रारंभी गरज नाही. पुढे खर्च करावयाचाच असेल, तर पाय किती खाली गेला यापेक्षा किती दाब दिला हे मोजणाऱ्या ब्रेक-पेडलवर करावा, कारण दाबाची स्मृती पायाला अधिक विश्वासाने राहते. पडद्यावरील ही विद्या रस्त्यावर अगदीच निरुपयोगी ठरते असे नाही. ग्रान टुरिस्मो या खेळातून २०११ साली निवडला गेलेला जॅन मार्डनबरो २०१३ च्या ले मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या वर्गात तिसऱ्या स्थानी आलेल्या गाडीचा एक चालक होता. अर्थात गाडी घसरू लागल्याची वर्दी पाठीला व मांड्यांना जी आधी मिळते, ती खुर्चीत बसून मिळत नाही. तेवढ्यासाठी कोल्हापूरला मोहिते यांच्या कार्टिंग मार्गावर जावे, आणि तेथेही आरंभी ब्रेक लवकरच लावावा.