गांजा सुटला की डोकं आपोआप ठीक होतं?

आजचा विषय सुरू होतो बारवी धरणाजवळच्या एका संध्याकाळी. बदलापूरहून आम्ही तिघे बाईकवर गेलो होतो. रोज गांजा ओढणारा आमचा दोस्त अचानक म्हणाला, "ऐकलंस? कोणीतरी माझं नाव घेतंय." आम्ही हसलो. म्हटलं, नशा उतरली की बरा होईल. पुढे तीन आठवडे गांजा बंद होता, तरी आवाज थांबले नाहीत.

बारवी भरली की तिचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. पाणी आधीच काठोकाठ असेल, तर एक सरही पुरते. मनाचंही काहीसं तसंच. आनुवंशिकता, ताण, जागरण हे आधीचं पाणी; गांजा ही वरची सर. स्वीडनच्या ४५ हजारांवर तरुणांचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. सैन्यभरतीपर्यंत ५० पेक्षा जास्त वेळा गांजा ओढलेल्यांत पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सुमारे सहापट दिसलं. प्रत्येकाला होतोच असं नाही. पण कोणाचं धरण किती भरलंय, हे आधी कळत नाही.

उलटंही घडतं. आवाज दाबायला, झोप लागावी म्हणून काहीजण नशेकडे वळतात.

म्हणून "आधी व्यसन सोड, मग डॉक्टरकडे जाऊ" असं म्हणू नका. दोन्हींवर उपचार एकत्रच हवेत. आम्ही तीन आठवडे वाया घालवले. तुम्ही टेली-मानसच्या १४४१६ वर आजच फोन करा. मोफत आहे, मराठीतही बोलतात.

दोस्त आता गोळ्या घेतो, कामावर जातो. आणि आम्ही हसत नाही, ऐकतो.