‘मेडिकल’ की ‘अ‍ॅडमिन’? जी.पी.कडे ऑनलाइन विनंती करताना

मंडळी, इंग्लंडमध्ये आपल्या जी.पी.च्या दवाखान्याची वेबसाइट उघडली की बहुतेक ठिकाणी दोन रस्ते दिसतात. एक ‘मेडिकल’, दुसरा ‘अ‍ॅडमिन’. आज मी मुख्यतः दुसऱ्याबद्दल बोलणार आहे, कारण आपली माणसं अडतात ती तिथे. १ ऑक्टोबर २०२५ पासून सोमवार ते शुक्रवार, सकाळी ८ ते संध्याकाळी ६.३०, ही ऑनलाइन सोय चालू ठेवणं दवाखान्यांना बंधनकारक आहे. म्हणजे सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावून रांगेतलं संगीत ऐकत बसायची गरज, निदान कागदाच्या कामासाठी तरी, उरलेली नाही.

कागदाचं काम म्हणजे काय? रेफरलचं पुढे काय झालं ही चौकशी, पत्ता बदलणं, एखादं पत्र, आणि मुख्य म्हणजे फिट नोट, आजारपणाचा दाखला. नेहमीच्या गोळ्या एन.एच.एस. ॲपवरून थेट मागवता येतात, तो विषय वेगळा.

फिट नोटबद्दल घोळ फार. सात दिवसांपर्यंतच्या आजारपणाला, शनिवार-रविवार धरून, ती लागतच नाही. आपणच कंपनीला लिहून द्यायचं. त्यापुढे लागते, आणि ती फुकट मिळते. जुलै २०२२ पासून नर्स, फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्टसुद्धा ती देऊ शकतात, तेव्हा ‘डॉक्टरांचीच सही पाहिजे’ हा हट्ट नको. फॉर्ममध्ये तीन गोष्टी लिहा: काय झालंय, कुठल्या तारखेपासून, आणि आधीची नोट कधी संपते. नुसतं ‘सर्टिफिकेट पाहिजे’ लिहिलंत तर उलट प्रश्न येणार, दोन दिवस गेलेच म्हणून समजा.

भारतात जाताना औषधांबद्दल पत्र हवं असेल, किंवा विमानप्रवासाला हरकत नाही असा दाखला, तर त्याचे पैसे पडू शकतात. वेळही लागतो. तिकीट काढलंत की लगेच मागा, बॅगा भरताना नको.

आता जे मला खरं सांगायचंय ते. अ‍ॅडमिनची विनंती बहुधा ऑफिसातली माणसं हाताळतात, डॉक्टर नव्हे. आणि आपल्याकडे संकोच असा, की ‘डॉक्टरांना कशाला उगाच त्रास?’ मग कुणी लिहितं, ‘हार्टच्या डॉक्टरांची तारीख कधी मिळेल? हल्ली जिना चढताना छातीत जरा दाबल्यासारखं होतं.’ बघा, पहिलं वाक्य अ‍ॅडमिनचं आहे. दुसरं नाही! ते ‘जरा’ त्या रांगेत दोन दिवस पडून राहू शकतं. असं नवं लक्षण असेल तर दवाखान्याला त्याच दिवशी फोन करा. दवाखाना बंद असेल तर १११. आणि आत्ता, या क्षणी छातीत दुखत असेल तर कुठलाच फॉर्म नाही, ९९९.

दुसरं, सुनेनं स्वतःच्या लॉगिनमधून सासूबाईंची विनंती पाठवायची नाही. ती सुनेच्या नोंदीत जाऊन बसण्याचा धोका असतो. दवाखान्याकडे ‘प्रॉक्सी अ‍ॅक्सेस’ मागा. त्यासाठी सासूबाईंची संमती लागते आणि सुनेला काय काय दिसावं तेही त्याच ठरवतात. कुणाला सगळंच घरच्यांना दाखवायचं नसतं, हेही बरोबरच आहे.

आणि ज्यांना हे ऑनलाइन जमतच नाही त्यांनी बिचकू नये. फोन करणं किंवा काउंटरवर जाणं बंद झालेलं नाही. दुभाषाही मागता येतो, त्याचे पैसे तुम्हाला द्यावे लागत नाहीत. ‘मराठी’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर हिंदी दुभाषा देतात.