एका संगणकात दोन बिऱ्हाडे

विंडोज १० या संगणक-प्रणालीला सर्वसाधारणपणे मिळणारा आधार मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. नोंदणी करणाऱ्यांसाठी सुरक्षा-सुधारणांची काही तात्पुरती मुदत ठेवण्यात आली; परंतु तात्पुरती ती तात्पुरतीच. नवी विंडोज ११ घ्यावी, तर तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि साधारणतः २०१७ पूर्वीचे बहुतेक प्रोसेसर तिला चालत नाहीत. त्यामुळे ज्यांचा संगणक जुना, पण धडधाकट आहे, अशा असंख्य कुटुंबांपुढे प्रश्न उभा राहिला: चालते यंत्र भंगारात काढावयाचे, की असुरक्षित स्थितीत वापरीत राहावयाचे?

या दोहोंमधून एक तिसरी वाट निघते. त्याच संगणकात विंडोजच्या शेजारी लिनक्स ही दुसरी प्रणाली बसविता येते. दोन्ही प्रणाली एकाच डिस्कवर स्वतंत्रपणे नांदतात आणि संगणक सुरू करतेवेळी आपण हवी ती निवडावयाची. या व्यवस्थेला ड्युअल बूट असे म्हणतात.

लिनक्सचा गाभा हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहिला. पुढे जगभरच्या तंत्रज्ञांनी तो वाढविला. उबंटू, डेबियन, मिंट ही त्याचीच निरनिराळी रूपे असून ती विनामूल्य मिळतात. आपल्या देशालाही ही प्रणाली परकी नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही प्रणाली २००७ साली प्रसिद्ध केली. तीत मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे. केरळातील सरकारी शाळांतून मुले गेली अनेक वर्षे लिनक्सवरच संगणक शिकत आहेत.

दोन प्रणाली एकत्र कशा राहतात, हे समजण्यास संगणक जागा कसा होतो ते पाहिले पाहिजे. बटण दाबताच प्रथम मुख्य पटलावरील फर्मवेअर जागे होते. डिस्कच्या एका छोट्या भागात बूट लोडर नावाचा लहानसा प्रोग्रॅम असतो. फर्मवेअर त्याच्या हाती कारभार सोपविते. लिनक्समध्ये बहुधा ग्रब हा बूट लोडर असतो. तो पडद्यावर यादी दाखवितो, आपण निवड करतो आणि निवडलेली प्रणाली स्मृतीत चढते. दुसरी त्या वेळी निद्रिस्तच असते. म्हणून यंत्राची सारी शक्ती एकीलाच मिळते, आणि जुन्या संगणकास हे विशेष सोयीचे पडते.

पूर्वी हा बूट लोडर डिस्कच्या अगदी आरंभीच्या ५१२ बाइटांच्या एका कप्प्यात राहत असे. मागाहून येणारी प्रणाली आधीच्या बूट लोडरला पुसून टाकी. आधी विंडोज आणि मग लिनक्स, हा नियम त्यातूनच रूढ झाला. आताच्या यूईएफआय पद्धतीत प्रत्येकाला आपापली जागा असते. तरीही तो क्रम पाळणेच सोयीचे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. सर्वांत पहिले काम म्हणजे छायाचित्रे, कागदपत्रे आणि हिशेब यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवणे व ती उघडते की नाही हे तपासणे. हे झाल्यावाचून पुढचे पाऊल टाकू नये. बसविण्याच्या वेळी ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्यायही समोर येतो आणि तो चुकून निवडला गेला, तर वर्षानुवर्षांचा ठेवा काही क्षणांत नाहीसा होतो.

विंडोजमध्ये बिटलॉकरचे कुलूप चालू असेल, तर त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून घ्यावी. ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. कारण त्यामुळे विंडोज पूर्णपणे बंद न होता अर्धवट झोपते आणि तिच्या डिस्कवर लिनक्सने लिहू पाहिल्यास घोटाळा होतो. नंतर विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून तिचे पार्टिशन आकसवून निदान ३० ते ५० जीबी जागा मोकळी करावी.

पुढे ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्सची प्रत तयार करून संगणक तिच्यावरून सुरू करावा. येथे एक मोठी सोय आहे: काहीही न बसविता लिनक्स चालवून पाहता येते. वायफाय, ध्वनी, प्रिंटर चालतात का, हे घरातील सर्वांनी पाहून घ्यावे. समाधान झाल्यावरच ‘विंडोजच्या शेजारी बसवा’ हा पर्याय निवडावा. कित्येक प्रणालींत तो आयता मिळतो.

दोन्ही बिऱ्हाडे लागल्यावर एक गंमत अनेकांना बुचकळ्यात टाकते. लिनक्स वापरून पुन्हा विंडोजमध्ये आले, की घड्याळ साडेपाच तास मागे दिसते! यंत्र बिघडलेले नसते. लिनक्स संगणकातील घड्याळात जागतिक वेळ ठेविते, तर विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. आणि भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवण्यास सांगितले, की तक्रार मिटते. तसेच, लिनक्सला विंडोजच्या फायली वाचता येतात. विंडोजला मात्र लिनक्सच्या फायली आपण होऊन वाचता येत नाहीत. दोन्हीकडे लागणारी कागदपत्रे विंडोजच्या बाजूस ठेवणे त्यामुळे बरे.

या सोयीची मर्यादाही ध्यानात घ्यावी. शेजारी लिनक्स आल्याने जुनी विंडोज सुरक्षित होत नाही. म्हणून कामांची वाटणी करावी. बँकेचे व्यवहार, पत्रव्यवहार, मुलांचे वाचन हे सारे इंटरनेटवरील काम लिनक्समध्ये करावे. केवळ विंडोजवर चालणारा एखादा हिशेबाचा प्रोग्रॅम तेवढा, इंटरनेट तोडून, जुन्या जागी चालवावा. आणि डिस्क एकच असल्याने ती बिघडली, तर दोन्ही बिऱ्हाडे एकदमच उठतील. बाहेरची प्रत नियमाने काढीत राहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

घरात नवी वस्तू आली की जुनी टाकावी, अशी आपली रीत नव्हती. जुन्या लुगड्याची गोधडी होई आणि ती पुढे कित्येक हिवाळे ऊब देई. संगणकाच्या बाबतीतही तेवढाच विचार करावा. एका सुटीच्या दिवसाची निगुती आणि थोडी सावधगिरी यांच्या बळावर, निकालात निघालेले यंत्र घरातल्या मुलांच्या अभ्यासाला आणखी काही वर्षे उपयोगी पडू शकते.