पेशीचा शिरकाव आणि किनेजला घातलेला अडसर

कर्करोगाची गाठ जागच्या जागी वाढत असते तोवर ती शस्त्रक्रियेने काढून टाकता येण्याची आशा असते. मात्र तिच्यातील पेशी अस्तराखालचा पातळ पडदा भेदून शेजारच्या ऊतींत शिरल्या आणि तेथून रक्तात उतरल्या की रोगाचे स्वरूपच पालटते, व कर्करोगाचे बहुतेक बळी या प्रसारामुळेच जातात. पेशीला अशा हालचालीची आज्ञा पोहोचविणाऱ्या साखळीत किनेज या विकरांचे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांचे, स्थान मोक्याचे आहे. किनेज एटीपी या ऊर्जावाहक रेणूतील फॉस्फेट काढून दुसऱ्या प्रथिनाला जोडते, आणि या जोडणीने त्या प्रथिनाचे काम सुरू होते किंवा थांबते.

पेटन राउस यांनी 1911 मध्ये कोंबड्यांतील ज्या संसर्गजन्य गाठीचे वर्णन केले, तिच्या विषाणूच्या अभ्यासातून पुढे ‘सार्क’ हे किनेज उजेडात आले. ते अतिसक्रिय झाले की पेशींची परस्परांवरील पकड सैल होते, आणि त्यांना फुटलेले सूक्ष्म पाय प्रथिने विरघळविणारी विकरे सोडून भोवतालची ऊती पोखरतात. एटीपी बसण्याची खाच अडवून सार्कला रोखणारे डॅसाटिनिब हे औषध 2006 पासून रक्ताच्या कर्करोगावर वापरात आहे. घन गाठींत मात्र ते एकटे फारसे उपयोगी ठरले नाही, कारण एक वाट बंद झाली की पेशी दुसरी शोधते. शिवाय चाचण्यांत गाठ किती आकसली हे मोजले जाते, आणि शिरकाव थांबविणाऱ्या औषधाला ही कसोटी अन्यायकारक आहे.

तोंडाच्या कर्करोगात, जो महाराष्ट्राचा मोठाच प्रश्न आहे, हिरडीवरून जबड्याच्या हाडात होणारा शिरकाव फार यातनादायक असतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने डोके व मानेच्या बळावलेल्या कर्करोगासाठी अभ्यासलेल्या तोंडावाटे घ्यावयाच्या स्वस्त उपचारात एर्लोटिनिब हे किनेजरोधक मेथोट्रेक्झेट व सेलेकॉक्सिब यांच्या जोडीला दिले जाते. एर्लोटिनिब ज्या ईजीएफआर या ग्राहीला रोखते, त्याचे संदेश सार्कपर्यंतही पोहोचतात.

किमतीचा प्रश्न याहून कमी महत्त्वाचा नाही. सोराफेनिब या किनेजरोधकाचा महिन्याचा खर्च सुमारे 2,80,000 रुपये होता. मार्च 2012 मध्ये मुंबईच्या पेटंट नियंत्रकांनी दिलेल्या सक्तीच्या परवान्याने, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना औषध बनविण्याच्या मुभेने, तो 8,880 रुपयांवर आला आणि 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. ढोकीसारख्या गावातून रेल्वेने बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात जाणाऱ्या कुटुंबाला अशी गोळी महिनोन्‌महिने घेणे परवडेल की नाही, हे अशाच निर्णयांवर ठरते.