हात न लावता सरकणारी स्टिक : गेम कंट्रोलरची घरगुती दुरुस्ती

टेबलावर ठेवलेल्या कंट्रोलरला कोणाचाही हात लागलेला नसतो, तरीही पडद्यावरील खेळाडू आपोआप डावीकडे चालू लागतो. फुटबॉलच्या खेळात बचावपटू जागा सोडतो, शर्यतीतील मोटार सरळ रस्त्यावरही कठड्याकडे ओढ घेते. घरात प्लेस्टेशन, एक्सबॉक्स किंवा निन्टेन्डोचे यंत्र असणाऱ्या अनेकांच्या वाट्याला हा अनुभव कधी ना कधी येतो. या दोषाला ‘स्टिक ड्रिफ्ट’ म्हणतात. तोपर्यंत वॉरंटीची मुदत बहुधा संपलेली असते. नवा मूळ कंट्रोलर घ्यायचा तर काही हजार रुपये मोजावे लागतात, आणि जुना अडगळीत जातो. वस्तुतः त्याची बॅटरी, बटणे, कंपनाच्या मोटारी व सर्किट हे सारे ठणठणीत असते. झिजलेला असतो तो बोटाच्या पेराहून लहान असा एक सुटा भाग. तो कसा चालतो हे समजून घेतले, तर घरच्या घरी काय करता येईल आणि कोठे थांबावे, हे दोन्ही ठरवणे सोपे जाते.

स्टिकखालचे यंत्र

उदाहरणादाखल सोनीचा ‘ड्युअलशॉक ४’ घेऊ. २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ बरोबर आलेला हा कंट्रोलर आपल्याकडील अनेक घरांत अजूनही वापरात आहे. त्याच्या प्रत्येक स्टिकखाली दोन पोटेन्शिओमीटर असतात. एक आडव्या हालचालीसाठी, दुसरा उभ्या हालचालीसाठी. जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करणारे बटण ज्या तत्त्वावर चालते, तेच हे तत्त्व. कार्बनचा पातळ थर दिलेल्या पट्टीवरून धातूची एक बारीक जीभ घासत फिरते. ती पट्टीच्या ज्या ठिकाणी टेकलेली असेल त्यानुसार विजेचा दाब बदलतो. कंट्रोलरमधील चिप हा दाब मोजून त्याला ० ते २५५ यांमधील एक अंक देते. अंगठा उचलल्यावर स्प्रिंग स्टिकला मध्यभागी आणते आणि अंक १२७-१२८ च्या आसपास स्थिरावतो. हा मध्य ढळला, की खेळाला वाटते अंगठा अजून स्टिकवरच आहे.

मध्य ढळण्याची कारणे मुख्यतः तीन. पहिले, धूळ किंवा झिजेतून सुटलेली काळी भुकटी जीभ आणि पट्टी यांच्यामध्ये अडकणे. दुसरे, कार्बनचा थरच झिजणे. तिसरे, स्प्रिंग ढिली पडून स्टिक पूर्वीच्या मध्यावर न परतणे. जुना रेडिओ आवाज वाढवताना खरखरू लागे, त्यामागेही पहिलीच दोन कारणे असत. फरक एवढाच, की रेडिओचे बटण दिवसातून दोन-चार वेळा फिरे, तर ही स्टिक एका सायंकाळी हजारो वेळा हलते. दुरुस्तीविषयक माहिती देणाऱ्या ‘आयफिक्सिट’ या अमेरिकी संस्थेने २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ चा ‘ड्युअलसेन्स’ कंट्रोलर उघडून पाहिला. त्यातील स्टिकच्या भागाचे निर्मात्याने सांगितलेले आयुष्य २० लाख आवर्तनांचे होते. वेगवान युद्धखेळात ही मर्यादा सुमारे ४१७ तासांत गाठली जाऊ शकते, असा हिशेब संस्थेने मांडला. रोज दोन तास खेळणाऱ्यासाठी हे जेमतेम सात महिने झाले. मुलांच्या धसमुसळेपणाला बोल लावण्यापूर्वी पालकांनी हा आकडा ध्यानात घ्यावा.

आधी निदान, मग उपचार

स्क्रू ड्रायव्हर हाती घेण्यापूर्वी दोष नेमका कोणता, हे पाहून घ्यावे. कंट्रोलर यूएसबी केबलने संगणकाला जोडावा. विंडोजमध्ये गेम कंट्रोलरच्या चाचणीची सोय असते, तसेच ब्राउझरमध्ये चालणारी मोफत चाचणी-साधनेही मिळतात. ब्राउझरमध्ये स्टिकचे मूल्य −१ ते १ या मापात दिसते आणि ० हा मध्य असतो. स्टिक सोडून दिल्यावर किंचित फरक दिसला तर काळजीचे कारण नाही.

आकडा सतत थरथरत असेल किंवा मधूनच उडी घेत असेल, तर घाण अथवा झीज आहे असे समजावे. आकडा स्थिर असूनही शून्यापासून दूर असेल, तर मध्य सरकला आहे. डावीकडून सोडल्यावर एक आणि उजवीकडून सोडल्यावर दुसरा आकडा येत असेल, तर स्प्रिंगचा किंवा स्टिकखालच्या प्लॅस्टिकच्या सांध्याचा संशय घ्यावा. दोष केवळ एकाच खेळात दिसत असेल, तर त्या खेळाच्या सेटिंग्जमध्ये ‘डेडझोन’ शोधावा. मध्याभोवतीच्या किती हालचालीकडे खेळाने दुर्लक्ष करावे, हे त्यातून ठरते. तो थोडा वाढवल्याने सौम्य ड्रिफ्ट झाकला जातो, परंतु त्या प्रमाणात बारीक नेम धरण्याची क्षमताही कमी होते.

न उघडता करावयाचे उपाय

सर्वप्रथम कंट्रोलर बंद करून स्टिकच्या घुमटाभोवती हवेचा झोत द्यावा. हवा भरलेला डबा नसेल तर छायाचित्रकार वापरतात तो रबरी फुगा चालतो. तेवढ्याने भागले नाही तर आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे. ते ९९ टक्के शुद्धतेचे असावे. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत त्याची चौकशी करावी. स्टिक एका बाजूस झुकवून फटीत दोन-तीन थेंब सोडावेत, स्टिक सर्व दिशांना पंधरा-वीस वेळा गोल फिरवावी आणि कंट्रोलर पूर्ण वाळू द्यावा. हा द्रव ज्वालाग्राही असल्याने काम खिडकीजवळ आणि देवघरातील निरांजन, शेगडी यांपासून दूर करावे.

अल्कोहोलच आहे म्हणून हाताचे सॅनिटायझर किंवा अत्तर वापरण्याचा मोह टाळावा. सॅनिटायझरमधील पाणी आणि ग्लिसरीन आत चिकट थर सोडतात. शिवणयंत्राचे तेल किंवा गंज सोडवणारे तेलकट फवारेही नकोत. त्यांनी दोन दिवस बरे वाटते, मग त्याच तेलावर धूळ बसून दुखणे बळावते.

या उपायाने घाण निघते, झिजलेला कार्बन मात्र परत येत नाही. म्हणूनच काही आठवड्यांत ड्रिफ्ट पुन्हा दिसू लागला तर नवल नाही.

कंट्रोलर उघडताना

पुढची पायरी कंट्रोलर उघडून सफाई करण्याची. ड्युअलशॉक ४ च्या मागे चार स्क्रू असतात. ते बारीक फुली-टोकाच्या स्क्रू ड्रायव्हरने काढून एका वाटीत ठेवावेत. मागचे कवच जोराने ओढू नये, कारण चार्जिंगच्या लहान पट्टीला जोडलेली नाजूक रिबन केबल आत असते. कवच किंचित उघडून आधी ती सोडवावी. ट्रिगरच्या स्प्रिंगा उडण्याची शक्यता असते, त्यांची जागा फोनने टिपून ठेवावी. त्यानंतर बॅटरीची जोडणी काढावी. ही बॅटरी लिथियमची असल्याने तिला धारदार अवजार लागू देऊ नये. बॅटरीखालचा प्लॅस्टिकचा साचा काढला, टचपॅडची केबल सोडवली आणि उरलेला एक स्क्रू काढला, की सर्किट बोर्ड हळुवार उचलता येतो. कंपनाच्या मोटारींच्या तारा बोर्डला डकवलेल्या असतात, त्यामुळे त्या बोर्डबरोबरच उचलाव्यात.

प्रत्येक स्टिकच्या दोन बाजूंना पोटेन्शिओमीटरच्या छोट्या डब्या दिसतात. त्यांचे झाकण प्लॅस्टिकच्या पात्याने अलगद सोडवता येते. आतील फिरती चकती, तिच्यावरील धातूची जीभ आणि कार्बनचा काळा कंस हे तीनही भाग अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने हलकेच पुसावेत. जोर लावून घासल्यास उरलासुरला कार्बनही निघून येतो. कंसावर फिकट चरा दिसत असेल, तर सफाईने भागणार नाही हे निश्चित समजावे.

स्टिकचा भाग बदलणे

येथे मात्र हौशी माणसाने आपले कौशल्य तपासून पाहावे. स्टिकचा संपूर्ण भाग बोर्डवर १४ ठिकाणी सोल्डर केलेला असतो. सोल्डरिंगचा सराव नसलेल्याने एखाद्या निकामी बोर्डवर हात बसवावा, अथवा हे काम मोबाइल दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे सोपवावे. बोर्डवरील तांब्याचा पातळ थर जास्त उष्णतेने उखडला, तर पूर्ण कंट्रोलर हातचा जातो.

स्वतः करणाऱ्यांसाठी एक युक्ती उपयोगी आहे. जुना भाग तसाही टाकायचा असल्याने तो अखंड काढण्याचा आग्रह धरू नये. कटरने त्याचे तुकडे करून एकेक पिन स्वतंत्रपणे काढावी. कारखान्यातील शिसेविरहित सोल्डर सुमारे २१७ अंश सेल्सिअसला वितळते. त्यात थोडे शिसेयुक्त सोल्डर मिसळले तर ते कमी उष्णतेत सुटते. खोलीत हवा खेळती ठेवावी आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. नवा भाग बसवल्यावर मध्य पुन्हा नोंदवावा लागतो. ड्युअलशॉक ४ आणि ड्युअलसेन्ससाठी ब्राउझरमधून हे काम करणारी मोफत साधने आता उपलब्ध आहेत. नकली कंट्रोलरवर मात्र ती चालतीलच असे नाही.

बदलायचेच असेल तर ‘हॉल इफेक्ट’ प्रकारच्या स्टिकचा विचार करावा. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर ती चालते. लोहचुंबक हलतो आणि संवेदक त्याचे क्षेत्र मोजतो. दोहोंत स्पर्श नसल्याने कार्बन झिजण्याचा प्रश्नच उरत नाही. स्प्रिंग मात्र तेथेही थकू शकते. हे तंत्र काही नवे नव्हे. सेगा कंपनीने १९९८ मधील ‘ड्रीमकास्ट’च्या कंट्रोलरमध्ये ते वापरले होते.

प्रश्न रचनेचा

मग झिजणारा भाग १४ ठिकाणी डकवून का ठेवला जातो? निन्टेन्डोच्या २०१७ मधील ‘स्विच’ या यंत्राच्या जॉय-कॉन कंट्रोलरमध्ये स्टिक केवळ एका रिबन केबलने जोडलेली आहे. सोल्डरिंग न करता ती घरी बदलता येते. तरीही तिच्या ड्रिफ्टविषयी एवढा असंतोष होता, की युरोपातील ग्राहक संघटनांच्या महासंघाने जवळपास २५ हजार तक्रारींच्या आधारे जानेवारी २०२१ मध्ये युरोपीय आयोगाकडे दाद मागितली. २०२३ मध्ये कंपनीने युरोपीय ग्राहकांना वॉरंटीनंतरही विनामूल्य दुरुस्ती देऊ केली. त्याच वर्षी सोनीने ‘ड्युअलसेन्स एज’ हा काढता-घालता येणाऱ्या स्टिकचा कंट्रोलर आणला, परंतु त्याची किंमत साध्या कंट्रोलरच्या कितीतरी पट होती. म्हणजे सोपी रचना शक्य आहे. ती सर्वांना मिळावी की अधिक पैसे मोजणाऱ्यालाच, एवढाच प्रश्न उरतो.

भारतात ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयाचे पोर्टल सुरू केले. मोबाइल व इलेक्ट्रॉनिक उपकरणे हे त्यातील चार क्षेत्रांपैकी एक. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती ग्राहकापर्यंत पोहोचावी, हा त्यामागील हेतू. तो सफल व्हायचा तर ग्राहकानेही खरेदीच्या वेळी वॉरंटी किती आणि सुटे भाग कोठे मिळतील, हे विचारण्याची सवय लावून घ्यायला हवी.

वॉरंटी शिल्लक असेल तर कंट्रोलर मुळीच न उघडता कंपनीकडे पाठवावा. ती संपली असेल तर चाचणी, हवेचा झोत, अल्कोहोल आणि आतील सफाई या क्रमाने जावे. सोल्डरिंगपाशी हात थांबत असेल तर कारागीर गाठावा. आणि कशानेच भागले नाही, तरी कंट्रोलर ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये. त्यात लिथियमची बॅटरी आहे. ई-कचरा संकलन केंद्र हेच त्याचे योग्य ठिकाण.